चार जाड तारा

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनाची दुसरी रात्र आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. समूहगीतांचा कार्यक्रम रंगात आला होता. पेटी होती, तबला होता, दोन गिटारी होत्या. आणि रंगमंचाच्या अगदी मागे, पडद्याला जवळजवळ पाठ टेकून, आमच्या एका वर्गमित्राचे मडगावचे मामा बास गिटार घेऊन उभे होते. ते पाहुणे म्हणून आले होते. फार आग्रह झाला म्हणून वाजवावयास उभे राहिले. तिसरे गीत अर्ध्यावर आले असताना कोणाच्या तरी पायात वायर अडकली आणि त्यांच्या वाद्याचा आवाज एकाएकी बंद पडला. गाणे थांबले नाही. गाणारे गात होते, तबलाही चालू होता. तरीही सभागृहात चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतील एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "माइक बिघडला काय रे?" माइक बिघडला नव्हता. घराचे जोतेच कोणी काढून घ्यावे, तसे त्या गीताचे झाले होते. काय गेले ते कोणालाच सांगता येईना; पण काहीतरी गेले, हे मात्र लहानथोर सर्वांना समजले. वायर पुन्हा जोडली गेली, तेव्हा आजोबा समाधानाने मागे टेकून बसले.

त्या रात्रीपासून हे वाद्य आमच्या डोक्यात बसले. पुढे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी संगीत विभागास देणगी दिली आणि तिचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न निघाला. एक पक्ष म्हणतो, आणखी एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्यावा. त्यात सर्व वाद्यांचे आवाज आयतेच मिळतात. दुसरा म्हणतो, मिरजेहून तंबोऱ्यांची जोडी आणावी. वाद्यवृंदातील आम्ही मुलामुलींनी बास गिटारचे नाव काढताच, "मराठी शाळेत हे विलायती खूळ कशाला?" असा सवाल एका सन्मान्य पालकांनी केला. त्या सवालाचे उत्तर आम्ही पुढे देणार आहोत. परंतु ज्या वस्तूसाठी भांडावयाचे, ती आधी नीट पारखून घ्यावी, म्हणून आम्ही हे वाद्य वाजविणाऱ्या तीन जाणत्या माणसांची मते विचारली. तिघांची तीन तऱ्हा झाली. आणि त्यांत आम्हांला मिळालेला आनंद व झालेला घोटाळा हे दोन्ही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडे. ते फार जुने नाही. पूर्वी हे काम डबल बास ह्या माणसाहून उंच तंतुवाद्याकडे असे. ते उभे राहून वाजवावयाचे, मोटारीच्या टपावर बांधून न्यावयाचे, आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत ते पुष्कळदा ऐकूही यावयाचे नाही. त्यास सतारीसारखे पडदे नसल्यामुळे सूर केवळ कानाने शोधावा लागे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे पॉल टटमार्क यांनी विजेवर चालणारे, गिटारसारखे आडवे धरावयाचे बास वाद्य बनविले. परंतु त्याचा प्रसार झाला नाही. तो मान कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांना मिळाला. त्यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' विक्रीस आणला. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून ते नाव. गंमत अशी की फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे. तरीही त्यांनी ठरविलेली तारेची चौतीस इंच लांबी आजही बहुतेक कारागीर प्रमाण मानतात.

वाद्यास तारा चारच. प्रत्येक तार तिच्या आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमावर लाविलेली असते. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते. तुलनेसाठी सांगावयाचे तर, काळी एकच्या पट्टीत तंबोरा लाविला असता जोडीच्या तारा सुमारे १३८ वेळा व खर्जाची तार सुमारे ६९ वेळा कंप पावते. म्हणजे आपल्या खर्जाच्याही खालचा हा प्रांत. तो आपल्या पिढीला परका वाटतो, त्याचे एक कारण आमच्या मते अगदी साधे आहे. आपण गाणी मोबाईलवर ऐकतो. त्याच्या बोटाएवढ्या ध्वनिक्षेपकातून इतका खालचा स्वर मुळी बाहेरच पडू शकत नाही. वरच्या उपस्वरांवरून कान त्या मूळ स्वराचा अंदाज बांधतो व आपली समजूत घालतो. आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील मोठ्या ध्वनिक्षेपकावर ओळखीची गाणी पुन्हा ऐकली, तेव्हा आमच्यापैकी एकजण म्हणाला, "हे गाणे मी शंभर वेळा ऐकले, आणि त्याचा खालचा मजला आज पाहिला."

आता तिघांची मते. मडगावच्या मामांनी तीस वर्षे लग्नसमारंभांत आणि तियात्रांच्या वाद्यवृंदांत हे वाद्य वाजविले आहे. त्यांचे मत असे की चांगली वाद्ये पूर्वीच होऊन गेली. फेंडर यांनी आपला कारखाना १९६५ साली सीबीएस ह्या मोठ्या कंपनीस विकला. त्या सालापूर्वीचे वाद्य ते वाद्य, पुढचे सारे लाकूड. जगभरचे वादक ह्या एका सनावळीवरून आजतागायत वाद घालीत आले आहेत. मामांनी असे वाद्य आयुष्यात एकदाच, तेही पाच मिनिटे हातात धरले आहे. परंतु त्यामुळे त्यांच्या मताची धार यत्किंचितही कमी झालेली नाही. त्यांचे दुसरे मत तारांविषयी. तारा गुळगुळीत वेटोळ्यांच्या असाव्यात आणि तुटेपर्यंत बदलू नयेत. नव्या तारा भांड्यांसारख्या वाजतात, असे ते म्हणतात.

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या एका ताईंना हे सर्व अमान्य. त्यांचे वाद्य पाच तारांचे आहे. पाचव्या तारेची कंपने सेकंदास अवघी ३१. तारा खरखरीत वेटोळ्यांच्या, आणि दर दोन महिन्यांनी नव्या. त्यांच्या खोलीत मुंबईच्या मोहिनी डे यांचे चित्र आहे. १९९६ साली जन्मलेल्या ह्या वादिकेने वडिलांकडून बास शिकून देशोदेशींचे रंगमंच गाजविले. ताई म्हणतात, जुन्या वाद्यांचे पोवाडे गाणाऱ्यांनी एकदा डोळे मिटून ऐकावे, आणि जुने कोणते व नवे कोणते ते सांगावे. मामांपुढे हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

तिसरे आमच्या शाळेचेच माजी विद्यार्थी. त्यांना आम्ही दादा म्हणतो. ते शहरातील एका ऑर्केस्ट्रात वाजवितात आणि दिवसा विजेच्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांचे वाद्य कोणत्या कारखान्याचे आहे हे त्यांनाही माहीत नाही, कारण त्यावरील नाव पुसून गेले आहे. दादांचे म्हणणे असे: वाद्याची मान सरळ असावी, पडदे गुळगुळीत घासलेले असावेत, तारा पडद्यांपासून फार उंच नसाव्यात, खुंट्या सूर धरून ठेवणाऱ्या असाव्यात. एवढे जमले की नावाला कोण विचारतो? आणि जवळच्या पैशांचा निम्मा भाग अ‍ॅम्प्लिफायरसाठी राखून ठेवावा. कारण खालचा स्वर पोसावयास मोठा ध्वनिक्षेपक लागतो. महाग वाद्य आणि पिटुकला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पैलवानाला चिमणीचा गळा.

आम्हांला दादांचे मत ग्राह्य वाटते, आणि ते आम्ही पदरमोड करून शिकलो आहोत. गेल्या दिवाळीत आमच्यापैकी दोघांनी साठविलेले पैसे एकत्र करून मोबाईलवरून एक बास गिटार मागविली. चित्रात ती फार देखणी होती. घरी आली तेव्हाही देखणीच होती. परंतु सातव्या पडद्याच्या पुढे कोणताही सूर लावा, तार खुळखुळ्यासारखी वाजे. आम्हांला वाटले, आमच्याच बोटांचा दोष. म्हणून तीन आठवडे बोटे सोलवटून घेतली. अखेर दादांकडे नेली. वाद्याच्या मानेत एक लोखंडी सळी असते. किल्लीने ती फिरवून मानेचा बाक कमीअधिक करिता येतो. दादांनी डोळ्यापाशी धरून मानेवरून एक नजर टाकली, बंदुकीने नेम धरावा तशी, आणि किल्ली परत पेटीत ठेवली. "बाक असता तर काढला असता," ते म्हणाले, "ही पिळलेली आहे." पिळलेल्या मानेस सळीचा उपाय चालत नाही. तोवर परत करण्याची मुदत टळून गेली होती, आणि विक्रेत्याने आमच्या पत्रांस उत्तर दिले नाही. ती गिटार सध्या एकाच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे. घरी येणारे पाहुणे तिची स्तुती करतात.

म्हणूनच दुकानांविषयी आमचे मत ठाम आहे. वाद्य दुकानात जाऊन, हातात घेऊन, निदान अर्धा तास वाजवून मगच घ्यावे. मुंबईस धोबीतलाव येथे फुर्तादो यांचे दुकान १८६५ सालापासून चालत आले आहे, आणि गोव्यातही त्याच्या शाखा आहेत. आम्ही चोर्ला घाट उतरून मामांबरोबर गोव्यातील एका लहानशा दुकानात गेलो होतो. तेथील वृद्ध गृहस्थांनी आमच्या हातात एकामागून एक पाच वाद्ये दिली. एकाच कारखान्याची, एकाच किमतीची दोन वाद्ये किती निराळी असू शकतात, हे त्या दिवशी प्रथम कळले. एक खांद्यावर अडकवून हात सोडताच मान खाली झुकत होती. दुसरे तराजूसारखे स्थिर राहिले. हे चित्रात कसे दिसावे? आम्ही काहीच विकत घेतले नाही, तरी त्यांनी आमच्यापुढे कोकमाचे सरबत ठेविले.

परतताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की हल्ली मुले दुकानात येऊन वाद्य तासभर वाजवून पाहतात, आणि बाहेर पडून तेच मोबाईलवर चार पैसे स्वस्त मागवितात. आमच्या माना खाली गेल्या. ही तक्रार केवळ गोव्याची नाही. न्यूयॉर्कच्या ज्या अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर वाद्यांची दुकाने दाटीने उभी होती, तेथील मॅनीज नावाचे प्रसिद्ध दुकान २००९ साली बंद झाले. १९२४ साली ब्रुकलिन येथे सुरू झालेल्या सॅम अ‍ॅश ह्या दुकानमालिकेने बरोबर शंभर वर्षांनी, २०२४ साली, आपली सर्व दुकाने मिटली. ह्या दुकानांतून केवळ विक्री होत नसे. नवशिके आणि कसलेले वादक तेथेच एकमेकांस भेटत. आमच्या देणगीचे पैसे थोडे अधिक खर्च झाले तरी चालतील. परंतु जे दुकानदार आम्हांला पाच वाद्ये वाजवू देतात, त्यांच्याकडूनच सहावे घ्यावे, एवढे आम्ही संगीत समितीस आग्रहाने सांगतो.

वादनाविषयीही तिघांत मतैक्य नाही. मामा बोटांनी वाजवितात आणि नखी वापरणाऱ्यास वादक मानीत नाहीत. दादा नखी वापरतात. ताई अंगठ्याने तारेवर ठोका मारतात. ह्या भांडणात पडण्यापूर्वी आम्ही थोडे वाचन केले, आणि आमची खात्री झाली की हे भांडण निरर्थक आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांवर ज्यांचा बास आहे, ते जेम्स जेमर्सन (१९३६–१९८३) उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवीत. कॅरल के ह्या मूळच्या गिटारवादिका. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणास बासवादक आलाच नाही, म्हणून त्यांनी ते वाद्य उचलले. त्या नखीनेच वाजवीत, आणि हॉलीवूडच्या त्या काळच्या कितीतरी गाण्यांत त्यांचा हात आहे. अंगठ्याच्या ठोक्याचे श्रेय लॅरी ग्रॅहम यांना देतात. आईबरोबर कार्यक्रम करीत असताना साथीला ढोलवादक उरला नाही, म्हणून ढोलाची उणीव ते अंगठ्याने भरून काढू लागले. जेको पास्टोरियस यांनी तर फेंडर बासचे पडदेच काढून टाकले, खाचा बुजविल्या आणि वरून नावांना लावतात तसले राळेचे लुकण चढविले. जो तो आपल्या गरजेने आपली वाट काढीत गेला. शास्त्र मागाहून आले.

जेमर्सन यांच्याविषयी आणखी थोडे लिहिल्यावाचून आम्हांला राहवत नाही. मामांचे तारा न बदलण्याचे व्रत मूळ ह्याच गृहस्थांचे. ज्या गाण्यांवर अमेरिका नाचली, त्यांच्या वेष्टनावर त्यांचे नाव कित्येक वर्षे छापलेले नसे. मार्विन गे यांच्या १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेवर ते प्रथम आले. १९८३ साली मोटाउनच्या पंचविसाव्या वर्षाचा मोठा सोहळा झाला, तेव्हा हा वादक तिकीट काढून सज्जात बसला होता. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्याकडे तरी निराळे काय होते? हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या कितीतरी वादकांनी आयुष्ये वेचली, आणि तबकडीवर नावे मात्र गायकाची, संगीतकाराची व कवीची. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस ह्या व्हायोलिनवादकाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, तेही १९७७ सालच्या एका चित्रपटातील विनोदी गाण्यामुळे. आणि ते खरोखरीचे एक संगीतज्ञ होते व त्या चित्रपटाच्या संगीतकारद्वयांपैकी प्यारेलाल यांचे गुरू होते, हे आमच्या वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेवरही गतवर्षी गायकांचीच नावे होती. ती पत्रिका आम्हीच तयार केली होती, हे कबूल केले पाहिजे.

मामांनी आमच्याकडून करवून घेतलेला एक अभ्यास मात्र तिघांनाही मान्य आहे. तबल्यावर साधा त्रिताल लावावयाचा, आणि बासवर केवळ समेचा एक स्वर वाजवावयाचा. दहा मिनिटे, दुसरे काही नाही. पहिल्या दोन मिनिटांत हसू येते. पाचव्या मिनिटास आपण घाईत आहोत हे कळू लागते. आठव्या मिनिटास असे ध्यानात येते की स्वर सुरू केव्हा करावा यापेक्षा तो थांबवावा केव्हा, हे अधिक कठीण आहे. आठव्या मात्रेपर्यंत धरला तर ताल डोलतो, आणि चौथीवर तोडला तर तोच ताल चालू लागतो. आमच्यापैकी जो गिटारवर सर्वांत वेगाने बोटे फिरवितो, तो ह्या परीक्षेत नापास झाला. आणि जिला वर्गात कोणी वाजविताना पाहिले नव्हते, ती पहिली आली.

आता त्या सवालाचे उत्तर. हे वाद्य परदेशी आहे, हे खरे. परंतु पेटी तरी कोठची? हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या देबेन यांनी १८४२ साली घेतले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला साथीस मज्जाव केला आणि ती बंदी तीन दशके टिकली. त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी मराठी रंगभूमी नादावून टाकली. आणि ह्याच आमच्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांनी २०१० साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत तिची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांना दिली. आज आमच्या प्रार्थनेस पेटी नसली तर तेच सन्मान्य पालक प्रथम विचारतील.

तंबोऱ्याचा पक्ष घेणाऱ्यांशी तर आमचे मुळीच भांडण नाही. मिरजेच्या सतारी व तंबोरे यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा आम्हांला अभिमान वाटतो. आणि जवारी काढताना घोडीवर दोरा सरकवीत कान देऊन बसलेला तेथील कारागीर आम्ही पाहिला आहे. दादा मानेवरून नजर टाकतात ती, आणि त्या कारागिराचे ते ऐकणे, ही आम्हांला एकाच जातीची वाटतात. वर्षभर थांबावे लागले तरी जोडी मिरजेहूनच आणावी. तंबोराही मागेच असतो, त्याचेही नाव पत्रिकेवर नसते. आमचा विरोध आहे तो कीबोर्डाला. एका बटणाने सर्व वाद्यांचे आवाज निघतात, हे खरे. परंतु मग त्या वाद्यांमागे उभे राहणारी पाच मुले घरी बसतात. शाळेने आवाज विकत घ्यावेत की मुलांना उभे राहावयास जागा द्यावी, हे समितीने ठरवावे.

देणगीची रक्कम अद्याप बँकेत आहे आणि समितीची बैठक जूनमध्ये व्हावयाची आहे. तोपर्यंत सरावासाठी आपले जुने वाद्य शाळेत ठेवण्याची तयारी मामांनी दाखविली असून मुख्याध्यापकांनी संगीत खोलीतील काचेच्या कपाटाची किल्ली आमच्या स्वाधीन केली आहे. मामांनी अट एकच घातली आहे: तारा बदलावयाच्या नाहीत. ताईंना आम्ही हे अजून कळविलेले नाही.